अडकित्ता : एका घरगुती पात्याची कथा

खिशात मिटणारा चाकू बाळगणारा शेतकरी किंवा मेंढपाळ ही युरोपच्या ग्रामीण जीवनातील एक परिचित मूर्ती होय. फ्रान्सच्या सावोय प्रांतात जोसेफ ओपिनेल ह्या लोहारपुत्राने १८९० साली लाकडी मुठीचा, घडीच्या पात्याचा एक साधा चाकू घडविला, आणि १८९७ पासून तो एक ते बारा अशा क्रमांकवार आकारांत मिळू लागला. अशा जुन्या चाकूंचा संग्रह करणारे रसिक आज पुष्कळ देशांत आहेत. आमच्याकडे उत्तर हिंदुस्थानात रामपूरचा घडीचा चाकू असाच नावाजलेला. परंतु मराठी आणि कोंकणी घरांतील माणसाला, 'तुझ्या हाताशी सदैव असणारे, खिळ्यावर फिरणारे पाते कोणते?' असे कोणी पूर्वी विचारले असते, तर त्याने चाकूचे नाव घेतले नसते. त्याने कमरेची चंची सोडून, तिच्या खणांतील पान, सुपारी, कात आणि चुन्याची डबी ह्यांच्या शेजारचा अडकित्ता काढून दाखविला असता.

ह्या अडकित्त्याविषयी आम्ही येथे चार शब्द लिहिणार आहोत. त्याचा इतिहास कोठल्या लढाईत किंवा तहनाम्यात सापडत नाही. तो तबकात, चंचीत आणि शब्दांत सापडतो.

प्रथम शब्दच पाहू. 'अडकित्ता' हा आम्ही कानडीकडून घेतलेला शब्द आहे. कानडीत 'अडके' म्हणजे सुपारी आणि 'कत्तरी' म्हणजे कातर; तेव्हा अडकित्ता म्हणजे सुपारीची कातर. ह्याच 'अडके'चा मल्याळी भाऊबंद 'अडक्का'. पोर्तुगीज लोक मलबारच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा तो शब्द त्यांनी उचलला, त्याचा 'अरेका' केला आणि साऱ्या युरोपात नेला. पानाचे 'बेटेल' हे नावही मल्याळी 'वेट्टिल' ह्यावरूनच आले. आमचा 'पोफळ' शब्द मात्र संस्कृत 'पूगफल' ह्याचा वंशज. अरबांनी त्याचेच 'फौफल' केले. गोव्यात राहून वैद्यकी करणाऱ्या गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज पंडिताने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या औषधिविषयक संवादग्रंथात सुपारीची चर्चा केली आहे, आणि तीत हे अरबी नाव आले आहे. एका लहानशा फळाच्या नावात कानडी, मल्याळी, संस्कृत, अरबी आणि पोर्तुगीज अशा पाच भाषांच्या वाटा एकत्र येतात, हे गोमंतकाच्या भूमीला साजेसेच आहे.

देशोदेशी ह्या हत्याराला निरनिराळी नावे आहेत. हिंदीत सरौता, गुजरातीत सूडी, तामिळीत पाक्कुवेट्टी, सिंहलीत गिरय, मलायात कचिप. जेथे जेथे पान-सुपारी गेली, तेथे तेथे हे पाते तिच्या मागोमाग गेले. रूपे बदलली, पण रचना सर्वत्र एकच राहिली.

ही रचना मोठी विचारपूर्वक केलेली आहे. कातरीचा खिळा मध्यावर असतो, म्हणून तिच्या मुठी एका बाजूस व पाती दुसऱ्या बाजूस येतात. अडकित्त्याचा खिळा टोकाशी असतो. वरच्या दांड्याला पोलादी पाते, खालच्या दांड्याला सुपारी टेकण्याची बैठक, आणि दोन्ही दांड्यांची शेपटे हातात. सुपारी खिळ्याच्या जवळ आणि हाताचा जोर खिळ्यापासून दूर. त्यामुळे तरफेच्या नियमाने थोड्या बळाचे पुष्कळ बळ होते, आणि दाताला न जुमानणारे खांड सत्तर वर्षांच्या वृद्धेच्या मुठीतही फुटते. सुपारीचे प्रथम दोन भाग करावयाचे, मग एकेका खांडाचे पातळ काप काढावयाचे, आणि हवे असल्यास त्यांचे बारीक कात्रण. डाव्या हाताची बोटे पात्यापासून एका जवाइतक्या अंतरावर, आणि डोळे मात्र समोरच्या माणसाकडे, गप्पांत. ही सवय हातात मुरली म्हणजे अडकित्ता हत्यार राहत नसे, तो बोटांचाच एक भाग होई. आमच्या भाषेनेही त्याची दखल घेतली आहे. दोहींकडून पेचात सापडलेल्या माणसाला आम्ही आजही 'अडकित्त्यात सापडला' असे म्हणतो.

आता धर्म आणि समाज ह्यांतील त्याचे स्थान. देवपूजेच्या षोडशोपचारांबरोबर नैवेद्यानंतर तांबूल अर्पण करावयाचा, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु एक भेद ध्यानी घेण्यासारखा आहे. पूजेच्या आरंभी तांदळावर आम्ही जो गणपती मांडतो तो अखंड सुपारीचा. उपाध्यायांस देण्याच्या विडा-दक्षिणेत, दोन पानांवर नाण्याशेजारी ठेवावयाची सुपारीही अखंड. लग्न ठरले म्हणजे मात्र 'सुपारी फुटली' असे म्हणतात, आणि पाहुण्यापुढे तबक येते ते कातरलेल्या सुपारीचे. म्हणजे अखंड सुपारी ही देवाची आणि संकल्पाची. फुटलेली सुपारी ही माणसांमाणसांतील संबंधाची. ह्या दोहोंच्या मध्ये अडकित्ता उभा आहे.

मंगेशी, कवळे, म्हार्दोळ ह्या देवस्थानांच्या परिसरातून अंत्रुज महालात हिंडणाऱ्याला सुपारीचा हा महिमा डोळ्यांनीच दिसतो. सोळाव्या शतकात सासष्टीतून स्थलांतर करून आमची दैवते ज्या भूमीत आली, ती भूमी कुळागरांची. पोफळींच्या सरळ उंच रांगा, त्यांच्यावर चढलेल्या पानवेली आणि मिरवेली, पायथ्याशी पाटाचे पाणी. तांबूलाचे पान आणि फळ एकाच बागेत वाढते, आणि तेथून ते देवळाच्या गाभाऱ्यात व घराच्या ओटीवर जाते. विड्याचा मान हा आमच्या समाजात नुसत्या खाण्याचा मान नव्हता. उत्सवात मानकऱ्यांस विडा द्यावयाचा, कठीण कामगिरी पत्करणाऱ्याने विडा उचलावयाचा, कीर्तनानंतर पान-सुपारी व्हावयाची. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील मराठी दरबारांत अत्तर-पान झाले की बैठक संपली असे समजावयाचे. तेरा पदार्थांचा त्रयोदशगुणी विडा करणे ही तर गृहिणींची एक कलाच होती.

जेथे मान, तेथे कारागिरी येतेच. सौराष्ट्रातील जामनगर हे सूडीसाठी प्रसिद्ध आहे. कुंकू, सुरमा आणि बांधणी ह्यांच्या पंक्तीला तेथे सूडीचे नाव घेतात. कच्छातील अंजार गावची सूडी आणि चाकू ही जोडीही बडोद्याकडील वाचकांच्या परिचयाची असेल. राजस्थानात लोखंडी दांड्यांवर सोन्यारुप्याच्या तारांचे कोफ्तगरी काम केलेले सरौते घडले. दक्षिणेत बिदरच्या कारागिरांनी काळ्या धातूवर रुप्याची वेलबुट्टी उठवून जी पानदाने केली, ती हैदराबादच्या जुन्या घरांची शोभा होती. पितळी अडकित्त्यांत तर कल्पनेला सीमा नाही. वरचा दांडा पोपटाचा, त्याची चोच खिळ्याशी; कोठे मोर, कोठे घोडा, कोठे हात जोडलेली स्त्री, कोठे आलिंगनात बांधलेले युगुल. पोपट हे मदनाचे वाहन आणि विडा हा शृंगाराचा सोबती, तेव्हा अडकित्त्यावर पोपट पुनःपुन्हा यावा ह्यात नवल नाही. काही अडकित्त्यांना लहान घुंगरू लावलेले असतात. सुपारी कातरताना ते वाजत. कोठे दांड्यातच आरसा बसविलेला आढळतो. परंतु ह्या सर्व नटव्यांच्या बरोबरीने कसलेही नक्षीकाम नसलेला, गावच्या लोहाराने घडविलेला, काळा लोखंडी अडकित्ताही विसरू नये. शेतकऱ्याच्या चंचीत तोच होता.

मग तो गेला कोठे? ह्याचे सरळ उत्तर असे, की विसाव्या शतकात कारखान्यात कातरलेली, सुगंध लावलेली सुपारी प्रथम डब्यांत आणि मग लहान पुड्यांत मिळू लागली, आणि अडकित्त्याचे काम संपले. ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही, की सुपारी सुटली म्हणून अडकित्ता सुटला असे झाले नाही. अडकित्ता आधी गेला. सुपारी पुडीतून, कोठे तंबाखूच्या संगतीने, राहिली, आणि पूर्वी जी तबकाभोवती बसून खाल्ली जाई ती रस्त्यात एकट्याने खाल्ली जाऊ लागली. येथे सत्य लपविण्यात अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या अहवालात, तंबाखू नसली तरी नुसती सुपारीही माणसाला कर्करोगकारक आहे असा निर्णय दिला आहे. सुपारीच्या सततच्या सेवनाने तोंडाच्या आतील त्वचा ताठर होऊन तोंड उघडेनासे होते, हे वैद्यकाला चांगले ठाऊक आहे. तेव्हा अडकित्ता पुन्हा रोजच्या वापरात यावा अशी इच्छा आम्ही धरीत नाही. जुनी वस्तू प्रिय आहे म्हणून जुनी सवयही प्रिय मानावी, असे नव्हे. परंतु ज्याचे काम संपले त्याची स्मृती जपण्याची जबाबदारी ह्यामुळे कमी होत नाही, उलट वाढते. कारण वापरातली वस्तू स्वतःला जपते, वापर संपलेली वस्तू दुसऱ्या कोणीतरी जपावी लागते.

ही जबाबदारी ओळखणारा एक पुरुष पुण्यात होऊन गेला. दिनकर गंगाधर केळकर हे 'अज्ञातवासी' ह्या नावाने कविता लिहीत. त्यांचा चरितार्थ चष्म्यांच्या दुकानावर चाले. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. त्या काळी संग्रह म्हणजे नाणी, शस्त्रे, ताम्रपट, मूर्ती असा समज होता. केळकरांनी घरातल्या वस्तूंकडे पाहिले. दिवे, दौती, पाय घासण्याच्या वज्री, फण्या, कोरीव दारे, वाद्ये, बाहुल्या, पानदाने आणि अडकित्ते. पत्नी कमलाबाई ह्यांची साथ त्यांना होती. गावोगाव हिंडून, पदरचा पैसा घालून त्यांनी १९६० पर्यंत सुमारे पंधरा हजार वस्तू जमविल्या. संग्रहालय १९६२ साली स्थापन झाले, आणि १९७५ साली केळकरांनी ते सारे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. १९९० साली ते वारले. आज त्या संग्रहात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत.

'राजा दिनकर केळकर संग्रहालय' हे नाव ऐकून हे कोणा संस्थानिकाचे संग्रहालय असावे असा समज सहज होतो. पण राजा ही पदवी नव्हे. राजा हा केळकरांचा एकुलता एक मुलगा. तो बालपणीच गेला. पित्याने आयुष्यभर जमविलेल्या ठेव्याला त्याचे नाव दिले. आम्हांस वाटते, ह्या एका गोष्टीत संग्रहाचे सारे मर्म आले आहे. जे हातातून निसटले ते परत येत नाही, परंतु त्याचे नाव लावून दुसरे काही जपता येते.

दूरदेशीही अडकित्त्याचे रसिक झाले. वॉर्सा येथे १९१३ साली जन्मलेले आणि पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अध्यापन करणारे थोर गणिती सॅम्युएल आयलेनबर्ग ह्यांनी हिंदुस्थान आणि आग्नेय आशिया येथील शिल्पांचा मोठा संग्रह केला, आणि त्यातील चारशेहून अधिक वस्तू न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास दिल्या. त्यांनी जमविलेल्या अडकित्त्यांवर हेन्री ब्राउनरिग ह्यांनी एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे. आमच्या ओटीवरची वस्तू गणितज्ञाच्या सूक्ष्म दृष्टीला सुंदर वाटली, ह्याचा आनंद मानावा. त्याचबरोबर हेही मनाशी म्हणावे, की ज्यांच्या ओटीवर ती होती त्या आम्हांला ती तशी दिसली नाही.

संग्रह करू इच्छिणाऱ्या तरुण वाचकांसाठी अनुभवाच्या दोन गोष्टी सांगतो. बाजारात आज जुने म्हणून विकले जाणारे पुष्कळ अडकित्ते नव्या ओतकामाचे असतात. ओळखण्याची खूण नक्षीत नसते, झिजेत असते. खऱ्या वापरातल्या अडकित्त्याचे पाते धार लावून लावून अरुंद झालेले असते. खालच्या बैठकीवर पात्याच्या रेषेचा खोलगट माग असतो. खिळा किंचित ढिला असतो. आणि जेथे अंगठा व तळवा टेकत, तेथली नक्षी गुळगुळीत झालेली असते. नव्या वस्तूत नक्षी सर्वत्र सारखी, आणि पाते बैठकीला पुरते भिडतही नाही. कारण तिने कधी सुपारी पाहिलेलीच नसते. दुसरी गोष्ट, हाती आलेला जुना अडकित्ता चिंच आणि राख लावून घासू नये. ताटवाटीला ते योग्य. जुन्या वस्तूचा काळाने चढविलेला रंग आणि रुप्याची बारीक तार ह्यांचा त्यात नाश होतो. मऊ फडक्याने पुसावे, पात्याला तेलाचे बोट लावावे, एवढे पुरे.

परंतु ही झाली धातूची परीक्षा. तिच्यापलीकडची एक परीक्षा आहे, आणि ती आम्हांस एका अडकित्त्याने शिकविली. आमच्या आजोळी आईची काकू होती. सारे घर तिला काकी म्हणे. ऐन विशीत तिला वैधव्य आले, आणि पुढची पन्नास वर्षे तिने त्याच घरात काढली. दुपारची जेवणे झाली की माजघराच्या उंबऱ्याशी बसून ती सुपारी कातरीत असे. पितळी पोपटाचा अडकित्ता, त्याचे डोळे आणि पंख तिच्या अंगठ्याने पुसट झालेले. तिच्या हातचे कात्रण इतके बारीक, की दात पडलेले आजोबाही ते खाऊ शकत. ओटीवरच्या पाहुण्यांना तबक जाई, देवळातल्या उत्सवाला डबा भरून जाई. मुलांना एखादे खांड मिळे. तिने स्वतः मात्र कधी विडा तोंडात घातला नाही. ब्रह्मचारी, यती आणि विधवा ह्यांस तांबूल वर्ज्य, हा धर्मशास्त्राचा नियम त्या घरात कोणी उच्चारून सांगत नसे. तो पाळला जाई, एवढेच. लहानपणी आम्ही तिला एकदा विचारले, 'काकी, तू का नाही गं खात?' तिने उत्तर दिले नाही. मांडीवरचे कात्रण तबकात लोटले आणि पुढची सुपारी घेतली.

काकी गेली. पुढे घराच्या वाटण्या झाल्या, आणि न लागणारी पितळेची भांडी गाठोड्यात बांधून तालुक्याच्या गावी मोड म्हणून दिली गेली. त्यांत तो पोपटही गेला. त्याला किती वजन भरले असेल? नव्या पातेल्याच्या किमतीतून काही आणे कमी झाले असतील. ह्यात दुसऱ्या कोणाचा दोष आम्ही काढीत नाही. गाठोडे बांधताना आम्हीही तेथे होतो.

नंतर बऱ्याच वर्षांनी पुण्याच्या जुन्या बाजारात आम्हांस तशाच घडणीचा एक पोपट मिळाला. पाते झिजलेले, खिळा ढिला, पंख पुसट. अस्सल म्हणावा असा. तो आमच्यापाशी आहे. पण तो कोणाच्या अंगठ्याने पुसट झाला, ते घर कोणते, कातरणारीला स्वतःला सुपारी चालत होती की नव्हती, ह्यांतले काहीही तो सांगू शकत नाही. विकणाऱ्याने तो वजनावर घेतला होता. काकीचा अडकित्ता आमच्या हाती नाही, परंतु त्याची कथा आहे. हा हाती आहे, परंतु त्याची कथा वितळून गेली. दोहोंपैकी अधिक मोठे नुकसान कोणते, ह्याचा निर्णय आम्ही स्वतःशी केव्हाच करून चुकलो आहो.

म्हणून आम्ही असे म्हणतो, की संग्रह म्हणजे नुसते धातूचे जतन नव्हे. अडकित्त्यावरील मोराची कारागिरी संग्रहालयात दिसेल. परंतु तो कोणी हाती धरला, कोणासाठी, आणि कोणाला वगळून, हे त्या घरातल्या माणसांशिवाय दुसरे कोणी सांगू शकत नाही. आमच्या तबकात आतिथ्य होते, आणि त्याच तबकाच्या मागे एक न बोललेला अन्यायही होता. इतिहास लिहावयाचा तर दोन्ही लिहिले पाहिजेत. सुंदर तेवढे काचेच्या कपाटात ठेवून उरलेले विसरून जाणे हा संग्रह नव्हे, ती सजावट होय.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, देव्हाऱ्याखालच्या फडताळात, माळ्यावरच्या पेटीत, जुन्या पानदानाच्या तळाशी, एखादा अडकित्ता अजून पडून असेल. तो दिवाणखान्यात मांडावा असा आमचा आग्रह नाही. मात्र त्याला बाहेर काढा, पुसा, आणि एका कागदावर चार ओळी लिहून त्याच्याबरोबर ठेवा : हा कोणाचा, कोणत्या गावचा, कोणाच्या हातात असे, ती व्यक्ती कशी होती. घरात कोणी वृद्ध असतील तर आजच विचारा; ही माहिती देणारी माणसे अडकित्त्यांहून लवकर संपतात. मग पुढे तो वारसाने जावो, देवस्थानाच्या अगर एखाद्या संग्रहालयाच्या स्वाधीन होवो, त्या चार ओळी त्याच्याबरोबर जाऊ द्याव्या. आम्ही आमच्या पोपटाला दोरी बांधून एक चिठ्ठी लावली आहे. तीवर त्याची स्वतःची हकीकत नाही, कारण ती आम्हांस लाभली नाही. तीवर आम्ही काकीचे नाव लिहिले आहे.